आईनं विचारलं आणि जावा चालू झालं

मंडळी, आज सकाळी मी हार मानायलाच बसले होते.

गेले आठ महिने सुट्टीच्या दिवशी मी एकच काम करतेय. काही हौशी लोकांनी मिळून बनवलेली, कॉम्प्युटर चालवणारी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिच्यावर जावा या कॉम्प्युटरच्या भाषेतले प्रोग्रॅम चालत नाहीत. ते चालावेत म्हणून जावाचा खुला, कुणालाही बदलता येणारा कोड मी तिच्यासाठी बदलतेय. पण सुरू केलं की दोन सेकंदांत बंद!

"मला जमत नाही, सोडते," असा मेल ही सिस्टीम बनवणाऱ्या आमच्या ग्रुपला लिहीत होते. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली.

"तोंड का पाडलंयस गं?"

सांगितलं तिला. "जावा मेमरीत जागा मागतंय, सिस्टीम दिली म्हणते, तरी बंद पडतंय."

"दिली म्हणती व्हय? पर खरंच दिलीया का बघितलंस?"

मी बघितलंच नव्हतं! तपासलं, तर सिस्टीम जागा नुसती राखून ठेवत होती. वापरायची तर पुन्हा मागावी लागत होती. चार ओळी घातल्या, बदललेला जावा पुन्हा तयार व्हायची तासभर वाट बघितली आणि पहिला प्रोग्रॅम चालला. मी ओरडलेच. शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात दोन खिडक्या उघडल्या.

"किती लोकं वापरणार हे?" आईनं विचारलं.

"असतील पंधरा-वीस."

"मग लई झाली की!" म्हणत ती भाकरी थापायला गेली.

मेल पुसला आणि ग्रुपला त्या चार ओळी पाठवल्या. दिवसभर हसू येतंय.

तुमचं अडलेलं काम घरात कुणाला सांगून बघितलंय का कधी?