मुळीचं नाव

बाबा आमच्या घाटकोपरच्या चाळीची करमणूक होते. नकला काय करायचे, येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी काय घ्यायचे! संपात गिरणी सुटली, आई डबे करून द्यायला लागली, आणि मग बाबांना ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली. तिच्याने रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्ताचा जोर उतरतो, असं त्यांनी समजावलं.

आईचा गोळीवर काडीचा भरवसा नव्हता. तिच्या मामाने गावाहून एक मुळी पाठवली. ती रोज सहाणेवर उगाळून बाबांना द्यायची. "नाव सांगितल्यार गुण जाता," असा मामाचा दंडक होता, त्यामुळे मुळीचा विषय कुणाकडेच निघाला नाही, डॉक्टरांकडेही नाही. बाबांना तपासून ते म्हणायचे, "प्रेशर झकास उतरलंय!" श्रेय मनातल्या मनात मुळीला देऊन आई गालात हसायची.

पण प्रेशरबरोबर बाबाही उतरत गेले. नकला बंद झाल्या, मग बोलणंही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. चाळीत म्हणायचे, संपाने माणूस खाल्ला. आईने वेगळंच मनाला लावून घेतलं होतं. बायकोच्या कमाईचा घास त्यांना गिळवत नाही, असं तिला वाटायचं.

"शिव्या तरी घाला ओ," ती एकदा काकुळतीने म्हणाली.

"काय बोलू?" बाबा म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला.

एका सकाळी ते अंथरुणातून उठले, चक्कर येऊन मोरीच्या कट्ट्यावर आपटले आणि हॉस्पिटलातून परत आलेच नाहीत.

डॉक्टर भेटायला आले, तेव्हा आईने उरलेली मुळी त्यांच्यापुढे ठेवली. आता जपायला कुणाचा गुण राहिला होता? "अडकई," तिने नाव सांगितलं.

डॉक्टरांनी मुळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "ही सर्पगंधा. त्या गोळीत दोन औषधं होती, त्यातलं एक हिच्यातूनच काढतात. डोस दुप्पट होत होता, वहिनी. त्याने चक्कर येते. माणूस आतून खचतो, बोलेनासा होतो."

आई आता ऊर बडवून घेणार, म्हणून मी तिच्याजवळ सरकलो. तिने पदर सावरला.

"म्हणजे ते माझ्यार रागावले नव्हते?"

डॉक्टर नाही म्हणाले. तेवढंच तिने त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.