कंपनी आणि डबलरोटी

बाबा चिखल्याच्या खाणीत टाइमकीपर होते. आमच्या कॉलनीत जे जे होतं ते सगळं कंपनीचं: भोंगा कंपनीचा, नळ कंपनीचा, दवाखानाही कंपनीचाच. पानठेल्यावर कुणी एकटा उभा दिसला, तर त्यालाही माणसं कंपनी द्यायची. हा शब्द मुळात आला कुठून, हा किडा बाबांच्या डोक्यात शिरला तो नेमका माझ्या ताईला पाहायला लाखांदूरकडचे पाहुणे येणार होते त्या आठवड्यात.

शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी सांगितलं की मूळ लॅटिन आहे. एकत्र बसून पाव खाणारे ते कंपनी. बाबा हरखले. सोयरीक म्हणजे तरी दुसरं काय, मग पाहुण्यांना पोहे कसे द्यायचे? आईने परोपरीने समजावलं. तरी त्यांनी तुमसरहून पाव, म्हणजे आमच्याकडची डबलरोटी, आणवलीच, आणि तिचे काप दुधासोबत पाहुण्यांपुढे मांडले.

आमच्या धानाच्या मुलखात तेव्हा डबलरोटी आणि दूध एकाच ठिकाणी दिसायचं, आजाऱ्याच्या उशाशी. धडधाकट माणूस भात खायचा. पाहुण्यांत मुलाची आत्या कर्तीधर्ती होती. तिने ताटलीकडे पाहिलं, मग ताईकडे. ताई मुळातच काटकुळी. बाबा रंगात येऊन लॅटिन समजावत होते आणि आत्याबाईंनी हळूच पदर नाकाला लावला. ताईला मुलगा आवडला होता. दाराच्या फटीतून आम्ही दोघींनी त्याला आधीच पाहून घेतलं होतं. मला बाबांचा असा संताप आला की त्यांची लॅटिन चुलीत घालावीशी वाटली.

“पोरीले काय बिमारी हाये?” आत्याबाईंनी सरळच विचारलं.

ताई उठून आत गेली. भाताचं पातेलं, वरण आणि मिरच्या घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांसमोर मांडी घालून जेवायला बसली. पाहायला आलेल्यांपुढे मुलीने मान वर करायची नसते. ही दुसऱ्यांदा भात वाढून घेत होती, वर मिरची कचाकचा चावत होती. आई तिला डोळ्यांनी दटावत होती. मुलगा हसू दाबत खाली बघत होता.

आत्याबाईंनी ते जेवण शेवटच्या शितापर्यंत पाहिलं. मग नाकावरचा पदर काढला आणि आईला म्हणाल्या, “पोरगी ठणठणीत हाये, आमाले पसंत हाये. बिमार तं तिचा बाप दिसून राह्यला. हे डबलरोटी त्यालेच चारा.”