आतून टकटक येत होती

ही गोष्ट मी कोणाजवळ बोलली नाही. नवऱ्याजवळ नाही, होस्टेलच्या मैत्रिणींजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ सगळ्यात आधी बोलायला पाहिजे होतं त्यांच्याजवळ तर नाहीच — म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत नाही. आता तुम्ही समोर आहात, तर पूर्ण सांगून टाकते. मधेच थांबली तर थांबू द्या.

तुम्ही आधी हसाल. कारण गोष्ट सुरू होते एका कीबोर्डपासून. हसा ना! मीसुद्धा हसण्यावारीच नेत आली इतके दिवस.

आम्ही पुसदला राहतो. घरात तिघं — मी, प्रशांत आणि सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. प्रशांत सकाळीच मोटरसायकलनं महागावला जातो, तिथं त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, दिवेलागणीला परत येतो. दिवसभर घरात आई आणि मी. माझं काम घरूनच — बाहेरगावच्या एका कंपनीच्या गिऱ्हाइकांना लिहून उत्तरं द्यायची. कोणाचा मिक्सर जळला, कोणाला दुसऱ्याचीच साडी पोचली, कोण नुसताच शिव्या घालतो. सगळ्यांना गोड बोलायचं, आणि बोलायचं म्हणजे टाइप करायचं.

आणि काम संपलं की मी गेम खेळते. बंदुकीचा. हो, तिशी ओलांडलेली, मंगळसूत्र घातलेली बाई हेडफोन लावून गोळ्या झाडते. यवतमाळला होस्टेलला होती तेव्हाची सवय. वणीची एक, दारव्ह्याची एक, अशा आम्ही जुन्या मैत्रिणी दुपारी ऑनलाइन जमतो. मी चांगली खेळते, हे पण सांगून ठेवते. गेमची मला लाज नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे.

लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडला तेव्हा नवीन घ्यायचं ठरलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण तो कीबोर्ड निवडायला मी जेवढा विचार केला तेवढा नवरा निवडताना केला नव्हता. माझा टेबल म्हणजे आईंच्या शिलाई मशीनचा टेबल. डोळ्यांनी साथ सोडल्यावर त्यांनी शिवणं बंद केलं, मशीन आत दुमडून टाकली आणि म्हणाल्या, "तुले कामाले लागते तं घे." टेबल एवढासा. त्यावर उजवीकडे आकड्यांची बटणं असलेला लांबलचक कीबोर्ड ठेवला तर माउस खालीच पडणार. आणि गेममध्ये माउस ऐसपैस फिरवायला जागा लागते. म्हणून छोटा घ्यायचा, आकडे नसलेला. पण अगदीच चिमुकलाही नको, कारण कामाला बाणांची बटणं रोज लागतात. इथवर सगळं सरळ होतं.

मग आले स्विच. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली एक छोटा खटका असतो, त्याला स्विच म्हणतात. लाल घेतला तर बोट लोण्यातून गेल्यासारखं जातं, आवाज कमी. गेमवाले तोच घेतात. तपकिरी मधला. आणि निळा — निळा दर बटणाला टक् करतो. बघितला तो प्रत्येक व्हिडिओ एकच सांगत होता, घरात दुसरी माणसं असतील तर निळा घेऊ नका बापा! कामाला लाल चालला असता, गेमला लालच पाहिजे होता, घराला तर लालच बरा होता.

मी निळा घेतला.

का? मी स्वतःला सांगायची — टाइप करताना बरं वाटतं म्हणून. वाटायचंही. पण ते कारण नव्हतं.

आमच्या घरात काम ऐकू येतं. आईंची मशीन अख्ख्या गल्लीला ऐकू यायची. खलबत्ता ऐकू येतो, धुणं ऐकू येतं. माझा लॅपटॉप मुका. मी तासन् तास राबायची आणि बाहेरून वाटायचं, बसली आहे पोरगी पडद्याकडे बघत. आई वाईट मनानं नाही बोलायच्या, पण बोलायच्या — "बसूनच हायस तं थोडा लसूण सोलून दे." मी इकडे कोणाच्या जळलेल्या मिक्सरची माफी मागून राहिली आणि मांडीवर लसणाची ताटली! मला माझ्या कामाला आवाज पाहिजे होता. म्हणून निळा.

आणि चाललं की हो! पहिल्याच दिवशी आईंनी दारात उभं राहून ती टकटक ऐकली. "मोठं काम दिसते बाप्पा," म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज बारीक केला. मग शेजारच्या काकू गप्पा मारायला आल्या की त्यांना बाहेरच थांबवायच्या, "हळू बोला, सूनबाईचं काम चालू हाय." दुपारची झोप त्यांनी माझ्या बाजूच्या खोलीतून ओसरीवर नेली — मला त्यांच्या खोकल्याचा त्रास नको म्हणून. टकटक म्हणजे काम, असं त्या घरात ठरून गेलं. ठरवलं त्यांनी, पण मी ठरू दिलं.

आता ऐका. माझं काम तीनला संपायचं. घरात मी सांगितलं होतं पाच. तीनपासून पाचपर्यंत जी टकटक यायची ती गेमची. कीबोर्ड तोच, टेबल तोच, आवाजही तोच. आई ओसरीवर चहा थंड करत बसायच्या, मला हाक मारायच्या नाहीत, आणि आत मी गोळ्या झाडून राहायची. मला खोटं बोलावंसुद्धा लागत नव्हतं. कीबोर्डच बोलायचा माझ्यासाठी.

एवढंच असतं तर मी तुम्हाला बोलावून सांगत बसली नसती. कोणती सून थोडंफार लपवत नाही?

पण ती एक दुपार आहे. सांगते. जरा — सांगते.

माझ्या खोलीच्या खिडकीबाहेर मागचं आंगण. तिथं पाण्याचं टाकं, धुण्याचा दगड, आजूबाजूला शेवाळ. मी प्रशांतला कितीदा म्हटलं होतं, घासून टाक एकदा. त्या दिवशी आई मिरच्या वाळत घातल्या होत्या त्या उचलायला गेल्या. येता येता बादली भरून घ्यायला टाक्याकडे वळल्या आणि घसरल्या. उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं.

तशाच सरकत सरकत त्या भिंतीला टेकून बसल्या. माझ्याच भिंतीला. मधे एक वीट आणि एक पडदा. आणि त्यांना ऐकू येत होती टकटक.

त्यांनी हाक मारली नाही. मोडलेला हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या. माझं काम संपायची वाट बघत.

माझं कोणतं काम? ते तर केव्हाचं संपलं होतं. मी खेळून राहिली होती.

हे झालं लोकांना न सांगितलेलं. आता जे मी स्वतःलासुद्धा सांगत नव्हती ते. मी बादलीचा आवाज ऐकला होता. हेडफोन एका कानावरून सरकवून ठेवायची सवय होती मला. लोखंडी बादली दगडावर पडली तर केवढा आवाज होतो, तुम्हाला माहीत आहे. त्यामागून कण्हल्यासारखं काहीतरी आलं, तेही ऐकलं. मांजर असेल असं मला वाटलं नाही. वाटलं असतं तर आज किती सोपं झालं असतं! आई पडल्या असतील का, असं माझ्या मनात स्वच्छ आलं. आणि मी हेडफोन दोन्ही कानांवर ओढून घेतला. शेवटची फेरी होती, टीममध्ये मी एकटी जिवंत उरली होती. म्हटलं, झाली की बघते.

फेरी झाली. मग पाणी पिऊन आली. मग मागचं दार उघडलं.

मला बघून त्या काय म्हणाल्या असतील? "झालं काय वं काम?"

दवाखाना झाला, प्लास्टर झालं, निघालंही. मनगट थोडं वाकडंच जुळलं. भाकरी थापता येते, पण पिळायचं काम होत नाही. घरात धुण्याची मशीन आहे, पण चादरी त्यांना हातानंच धुवायच्या असतात, आणि त्या तशाच पाणी गळत्या दोरीवर टाकतात. मी खिडकीतून बघायची ते पाणी. मदतीला हाक नाही मारायच्या — काम चालू आहे ना माझं.

आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना अभिमान वाटायचा. लग्नात, बारशात, हळदीकुंकवात कोणी मनगटाकडे बघितलं की आई रंगात येऊन सांगायच्या, "आतून टकटक येत होती. म्हटलं, हात मोडला तं मोडला, पोरीचं काम कायले मोडू?" बाया माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. अशी सासू! अशी कामाची सून! मी हसायची. हो, हसायची मी. तुम्ही विचाराल, जीभ कशी रेटली? रेटायची नव्हतीच ना, गप्प राहायचं होतं फक्त.

मला ती टकटक सहन होईना. बटणाला हात लावला की बादली पडायची कानात. माझ्या कीबोर्डचे स्विच हातानं बदलता येतात, घेतानाच बघून घेतलं होतं. मी चिमट्यानं एकेक निळा उपसला आणि मुके लाल बसवले. आईंनी विचारलं तर काय सांगावं? तोंडातून निघून गेलं, "तुम्ही हाक मारली तर मला ऐकू यावी म्हणून." झालं! पुढच्या हळदीकुंकवात गोष्टीला शेपूट आलं — माह्यासाठी पोरीनं सगळी बटणं बदलली. पापावर साखर पेरली मीच.

पण त्या लाल खटक्यांनी माझी सोय मोडली. आवाजच नाही म्हटल्यावर आईंना कळेना, काम चालू आहे की संपलं. त्या हळूच दाराशी यायच्या, पडदा बाजूला करायच्या आणि विचारायच्या, "काम चालू हाय काय?" रोज. इतके दिवस माझ्या वतीनं कीबोर्ड खोटं बोलत होता, आता ते मला स्वतःच्या तोंडानं, त्यांच्या तोंडाकडे बघून बोलावं लागायचं. "हो आई." पडदा धरलेलं वाकडं मनगट दिसायचं. "हो आई, चालू आहे."

गेल्या महिन्यात एका दुपारी त्या अशाच आल्या. पडदा सरकला. काम चालू हाय काय? आणि मला होच म्हणता येईना. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "नाही आई. खेळून राहिली."

मग थांबलीच नाही मी. तीन आणि पाच सांगितलं. निळा का घेतला ते सांगितलं. त्या दुपारी काम नव्हतं ते सांगितलं. बादलीचं सांगितलं, कण्हण्याचं सांगितलं, हेडफोन कानावर ओढला ते हातानं करून दाखवलं. रडली नाही. रडली असती तर त्यांनाच मला समजवावं लागलं असतं, आणि तेवढं तरी मला त्यांच्याकडून घ्यायचं नव्हतं.

आई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. लॅपटॉपवरच्या त्या बंदुकीकडे त्यांनी नीट बघितलं. मग विचारलं, "मग, जिंकली होती काय?"

"नाही," मी म्हटलं. "हरली होती."

त्या उठून गेल्या. दोन-तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. भाजीत मीठ जास्त झालं तरी बोलल्या नाहीत, आणि आमच्याकडे ते साधं नाही. मी तेवढे दिवस घाबरून होती, पण खरं सांगू? मला झोप चांगली लागली. भूक लागली. छातीवरून जातं उचललं कोणीतरी.

मग महागावला प्रशांतच्या मामेबहिणीचा साखरपुडा झाला. पंगतीत एका बाईनं आईंचा हात धरला, अगं बाई, हे काय झालं मनगटाला? मी मागेच वरणाची बादली घेऊन उभी होती. आता अख्खी पंगत ऐकणार, नाहीतर ती जुनी गोष्ट पुन्हा निघणार — दोन्हींतलं कोणतं जास्त वाईट, मला ठरवता येईना.

"पडली होती मागच्या आंगणात," आई म्हणाल्या. आणि मठ्ठ्याचा घोट घेतला. बस. टकटक नाही, कामाची सून नाही, बटणं नाहीत. ती गोष्ट त्यांनी मिटवून टाकली. मी त्यांच्या ताटात वरण वाढलं.

काल दुपारी आम्ही मैत्रिणी खेळत होतो. ऐन रंगात आलेली फेरी. मागच्या आंगणातून हाक आली, चांगली खणखणीत, गल्लीला ऐकू जाईल अशी — "शुभांगी! ये इकडे!" मी हेडफोन काढला. टीमला काही सांगितलंसुद्धा नाही, उठली.

आई टाक्यापाशी उभ्या होत्या. डाव्या हातात ओल्या चादरीचं एक टोक. दुसरं टोक त्यांनी माझ्यापुढे केलं. मी ते धरलं आणि आम्ही पिळायला लागलो.