फिदाल्गोची हजामत

सोउतेलो गावात बेल्मिरोच्या हाताखालून न गेलेली हनुवटी सापडणं कठीण. लग्नाच्या सकाळी नवरदेव त्याच्याकडे, आणि माणूस गेला की त्याची शेवटची दाढीही बेल्मिरोच करणार. पण म्हाताऱ्याला वस्तऱ्याचा गर्व नव्हता. वस्तरा काय, पैसे टाकले की मिळतो, असं म्हणायचा. गर्व होता तो ब्रशाचा. ब्रश तो स्वतः बांधायचा, डुकराच्या राठ केसांचा. नवा असताना गालाला बोचणारा आणि वर्षभर साबणात मुरला की टोकं दुभंगून लोण्यासारखा होणारा.

हे केस येतात कुठून, असं गावात कुणी विचारत नसे, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. थंडी पडली की घरोघरी डुक्कर मारायचं. चार गडी त्याला ओढत कापायच्या बाकापर्यंत आणायचे आणि त्याच्या ओरडण्यानं अख्खं खोरं जागं व्हायचं. सगळं शांत झालं, की पेंढा पेटवून कातडी भाजण्याआधी बेल्मिरोला बोलावणं जायचं. त्यानं पाठीवरचे लांब केस उपटून घ्यायचे, वर एक ग्लास वाइन प्यायची आणि घरी यायचं. डुकरं काही बोलायची नाहीत, मग इतरांनी कशाला बोलावं?

बोलायला आली ती नात. पोर्तोतली नोकरी सुटली म्हणून फिलिपा आजोबांकडे राहायला आली आणि म्हाताऱ्याच्या घरात परत माणसाचा आवाज सुरू झाला. बायको गेल्यापासून तो भिंतींशी बोलत होता. पोरीनं मांस सोडलं होतं. बेल्मिरोनं तेही मुकाट्यानं पचवलं. कोबीचं सूप सॉसेजशिवाय करायला शिकला, आणि सॉसेज दुकानात, गिऱ्हाईक नसताना खायला लागला. ही पोरगी इथंच राहावी, एवढीच त्याची इच्छा होती, आणि त्यासाठी तो काहीही कबूल करायला तयार होता.

फिलिपानं आजोबांचे ब्रश इंटरनेटवर विकायला ठेवले. ते खपायला लागले, तशी एका संध्याकाळी तिनं विचारलं, "आजोबा, लोक विचारतायत, या केसांसाठी जनावर मारता का?"

"छे गं," बेल्मिरो म्हणाला. "कापतो. जिवंत डुकराचे. मी न्हावी आहे, खाटीक नाही."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. फिलिपानं आजोबांचा गालगुच्चा घेतला आणि रात्रीतून ते जगाला कळवून टाकलं. आठवड्याभरात लिस्बनच्या एका दाढीप्रेमी मंडळाचं पत्र आलं: आम्हाला ते डुक्कर बघायचं आहे.

आता डुक्कर आणायचं कुठून? शेजारच्या एर्मेलिंदाकडे एक होतं, नाताळसाठी पोसलेलं. ही विधवा बाई जिभेनं वस्तऱ्यापेक्षा धारदार. बेल्मिरोनं अडखळत विषय काढला.

"माझ्या डुकराची हजामत?" ती म्हणाली. "अरे मेल्या, माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात तुझ्याकडून करून घेतली नाही."

"म्हणून तर तसाच गेला. एर्मेलिंदे, पाया पडतो, पोरीसमोर माझी लाज राख."

पहिल्या खेपेला डुकरानं बादली उडवली आणि बेल्मिरोला घाणीत बसवलं. दुसऱ्या खेपेला म्हाताऱ्यानं डोकं चालवलं. गरम पाणी घेतलं, साबण घेतला, आणि गिऱ्हाईकाच्या गालावर फिरवावा तसा ब्रश त्याच्या पाठीवर फिरवला. डुक्कर थबकलं. त्याचे डोळे मिटले, मान खाली गेली आणि ते फेसात उभं राहिलं, कात्री चालली तरी हललं नाही. त्यानंतर बेल्मिरोची नुसती हाक ऐकली की ते धावत दाराशी यायचं आणि पाठ पुढं करायचं. गावातली अर्धी माणसं एवढी नीट बसत नाहीत.

फिलिपानं त्याचं नाव ठेवलं फिदाल्गो, म्हणजे सरदार. एर्मेलिंदानं कपाळाला हात लावला. "पोरी, जे ताटात यायचंय त्याला नाव देत नाहीत."

उपटलेल्यापेक्षा कापलेला केस तोकडा पडतो, त्यामुळे ब्रश बुटका झाला. फिलिपानं त्याला 'प्रवासी ब्रश' म्हटलं आणि तो आधीपेक्षा जास्त खपला.

नोव्हेंबरात मंडळ आलं. अध्यक्ष डॉक्टर तेओतोनियो. होते वकील, पण आमच्याकडे टाय बांधला की माणूस डॉक्टर होतो. या मंडळींचं मन फार हळवं. बॅजर नावाचं रानटी जनावर मारून त्याच्या केसांचे केलेले ब्रश त्यांनी कायमचे सोडले होते. टाकून दिले नव्हते, कारण महागाचे होते. नुसते मखमली पेटीत ठेवून अधूनमधून त्यांच्याकडे बघून दुःखी होत. चामड्याच्या बुटांना घाण लागू नये म्हणून चवड्यांवर चालत मंडळी एर्मेलिंदाच्या गोठ्याशी आली. बेल्मिरोनं हाक मारली. फिदाल्गो आला, फेसात डोळे मिटून उभा राहिला. एकदोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी तिथल्या तिथं प्रमाणपत्रावर सही ठोकली, की या केसांसाठी कुठल्याही जिवाला इजा झालेली नाही आणि होणार नाही. मग अंगणात एर्मेलिंदानं पाव, वाइन आणि गेल्या वर्षीचं खारवलेलं मांस मांडलं. मंडळींनी ते चाटूनपुसून संपवलं.

"बाई," डॉक्टर बोटं पुसत म्हणाले, "गेल्या वर्षीचं एवढं चांगलं, तर हे इतकं सुखात वाढलेलं जनावर कसं लागेल? आमच्या मंडळाचं नाताळचं जेवण असतं. हेच द्या आम्हाला."

फिलिपानं प्रमाणपत्र पुढं केलं. "तुम्ही आत्ताच सही केलीत, इजा होणार नाही म्हणून."

"केसांसाठी, बाळ. केसांसाठी इजा होणार नाही. नीट वाच."

मंडळ गेल्यावर फिलिपा एर्मेलिंदाच्या मागं लागली, की फिदाल्गोला सोड. एर्मेलिंदा वैतागली. "मी त्याला वर्षभर काय गोष्टी सांगायला पोसलाय? आणि नाकानं कांदे सोलू नकोस गं. तुझा आजोबा एवढी वर्षं केस काय चर्चमधून आणत होता?"

फिलिपानं आजोबांकडे बघितलं. म्हातारा बुटांकडे बघत होता.

"मेलेल्या डुकरांचेच असायचे," तो म्हणाला.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू गेली असतीस."

"आता जातेच आहे," ती म्हणाली आणि बॅग भरायला घेतली. फक्त डुक्कर मारायच्या दिवसापर्यंत थांबली, कारण फिदाल्गोला सोडून जाणं तिला जमेना.

त्या सकाळी एर्मेलिंदा बेल्मिरोच्या दुकानात आली. "गडी तीनच आलेत. चौथा फ्रान्सला पळालाय पैसे कमवायला. तू ये, फेस कर. तुझ्या हाताखाली तो निमूट उभा राहतो."

"नाही," बेल्मिरो म्हणाला. "माझ्या हातात विश्वासानं मान देतात लोक. मला हे करायला सांगू नकोस."

ती गेली. थोड्याच वेळात ओरडणं सुरू झालं. असं ओरडणं सोउतेलोनं दर हिवाळ्यात ऐकलं होतं, पण या वेळी ते न्हाव्याच्या दुकानाच्या दिशेनं येत होतं. तिघांच्या हातून निसटून फिदाल्गो बेल्मिरोच्या दाराकडे धावत होता, गडी दोर ओढत होते, आणि दोर त्याच्या पायात रुतला होता. फिलिपानं दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले. मग ते खाली घेतले, स्टोव्हवरचं गरम पाणी भांड्यात ओतलं आणि ब्रश आजोबांच्या हातात दिला.

"जा," ती म्हणाली. "तो तुम्हाला शोधतोय."

बेल्मिरो उठला. बाहेर जाऊन त्यानं नेहमीची हाक मारली. फिदाल्गो गप्प झाला. म्हाताऱ्याच्या मागोमाग एर्मेलिंदाच्या अंगणातल्या बाकाशी येऊन त्यानं पाठ पुढं केली, डोळे मिटले. फिलिपा भांडं धरून उभी होती. म्हातारा ब्रश फिरवत राहिला, आणि गड्यानं खांद्यावर हात ठेवून पुरे म्हणेपर्यंत फिरवतच राहिला. इतकं सोपं डुक्कर आजवर पाहिलं नाही, असं तिन्ही गडी म्हणाले. बेल्मिरोला वाइनचा ग्लास दिला, तो त्यानं तसाच ठेवला.

फिलिपा गेली नाही. म्हाताऱ्याला अशा अवस्थेत टाकून कुठं जाणार? संध्याकाळी ती नेहमीसारखी ब्रशांची पत्रं बघायला बसली. लिस्बनच्या एका बाईनं नवऱ्यासाठी ब्रश मागवला होता, पण तिला आधी खात्री हवी होती, की ज्याचे केस आहेत ते जनावर सुखात आहे.

"सुखात होतं," फिलिपानं लिहिलं. "अगदी शेवटपर्यंत."

बाईंना ते फार आवडलं. त्यांनी दोन मागवले.