पापुद्र्याचा घास

ही गोष्ट सांगायचं मी पन्नास वर्षं टाळलं. कोणी विचारलं नाही म्हणून राहून गेली, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. ते खरं नाही. लोक विचारायचे. माझी लेक पानातलं कारलं, शेपू, मेथी मुकाट्यानं खाते हे बघून पाहुणे म्हणायचे, "ही सवय कशी लावली हो गुरुजी?" मी सांगायचो, "आम्ही पहिल्यापासून लक्ष दिलं." परवा नातीचा फोन आला. तिच्या बाळाचा सहावा महिना सरलाय. "आजोबा, माझ्या आईला सगळ्यात आधी काय चारलं होतं?" मी म्हणालो, "आठवून सांगतो." आठवायला कशाला हवं? विसरलोच नव्हतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मानवतपासून आत एका गावी मी शाळेवर होतो. शाळेच्या मागं दोन खोल्या, मध्ये एकच भिंत. एका खोलीत आम्ही, दुसरीत माझ्याबरोबरचे गुरुजी आणि त्यांची बायको. आम्ही शेतकरी घरातले, ते बौद्ध. माझी आई गावाकडून आली की त्यांच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायची नाही. आई परत गेली की साखर, कोथिंबीर, पेपर, सगळं इकडून तिकडं सुरू. मी त्यांना वहिनी म्हणायचो, त्या मला भावजी.

लेक सहा महिन्यांची झाली आणि बायकोला मुदतीचा ताप आला. दूध आटलं. पोर भुकेनं रडायची, पण आमच्याकडे उष्टावण झाल्याशिवाय बाळाच्या तोंडात अन्न घालत नसत. पहिला घास मामानं भरवायचा, तोही खिरीचा. मामा लांब नोकरीला, त्याला रजा मिळेना. मग मी गाईच्या दुधात साखर घालायचो, त्यात बिस्किट विरघळवायचो आणि बाटलीनं पाजायचो. दुधाला काही उष्टावण लागत नाही, असा माझा हिशेब.

वहिनी दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "भावजी, आता बशीत चहा बी ओता की! पोरगी हाय का पाव्हणा?"

"मग काय करू? मामा यायचाय अजून."

"मामा येईल तवा येईल. भूक थांबती व्हय मामासाठी?"

मी बायकोकडे पाहिलं. तिनं अंथरुणातूनच मानेनं होकार दिला. वहिनींनी पोरीला काखेत घेतलं आणि आपल्या खोलीत नेलं. मीही मागोमाग गेलो.

त्यांनी तव्यावरची भाकरी घेतली. ज्वारीची भाकरी नीट फुगली की वर एक पातळ पापुद्रा सुटतो, तेवढाच अलगद काढला, तुरीच्या वरणात भिजवला आणि बोटांनी कुस्करून अगदी लापशीसारखा केला. तिखट नाही, मीठही नाही. बोटाच्या टोकावर इवलासा घेऊन पोरीच्या ओठांना लावला. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं, जिभेनं बाहेर ढकलला. मी म्हणालो, "आवडलं न्हाई वाटतं."

"आवडायला कळलं पाह्यजे आधी. उद्या परत."

दुसऱ्या दिवशी अर्धं बोट गेलं. चौथ्या दिवशी पोरगी त्यांचा हातच ओढायला लागली. मग ज्वारीच्या मऊ शिजवलेल्या कण्या आल्या, मग मूग, मग भोपळा. एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही तीन-चार दिवस. "दोन एकदम घातले अन् पोट बिघडलं, तर रागवायचं कुणाला?" असं त्या म्हणायच्या. पोरीनं तोंड फिरवलं की वाटी खाली. मी एकदा आणखी एक घास कोंबायला गेलो, तर माझ्या हातावर चापट बसली. "तुमच्या तोंडात कोंबू का? पोट तिचं हाय, तिला कळायलंय." आणि साखर अजिबात नाही. गोडाची चटक आधी लागली की भाकरी नको वाटते, हे त्यांनी मला शिकवलं. वर्गात आरोग्याचा धडा मीच शिकवायचो. त्यात यातलं काही नव्हतं.

महिन्या-दीड महिन्यात पोरीचे गाल भरले. वहिनींच्या बांगड्यांचा आवाज आला की ती "मम्म" करून भिंतीकडे बघायची. बायको हसायची. त्या घरातले ते सगळ्यात चांगले दिवस होते, ताप असूनही.

मग मामाला रजा मिळाली. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात. नववा चालू होता. आई आली, चार पाहुणे आले. मामानं भाचीला मांडीवर घेतलं, चांदीच्या रुपयानं खीर तिच्या ओठांना लावली. पोरीनं ती थुंकली. पुन्हा लावली, पुन्हा थुंकली. मामा हसला, "दाजी, ही तर लय नखऱ्याची!" मग कोणीतरी ताटातला वरणभाताचा घास पुढं केला, तर तिनं मोठ्या माणसासारखा 'आ' केला, नीट गिळला आणि पुन्हा 'आ' केला. सगळे बघतच राहिले.

तेवढ्यात तिला दारात वहिनी दिसल्या. त्या उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या होत्या. गडबडीत पोर उपाशी राहील म्हणून पदराखाली कण्यांची वाटी आणलेली. पोरगी दोन्ही हात पसरून त्यांच्याकडे झेपावली, "मम्म! मम्म!"

आईनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही आधीच खायला शिकलीय. कुणी उष्टावली पोरगी?"

बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. वहिनीही. मी एवढंच म्हणायचं होतं, 'वहिनींनी.' चार अक्षरांचं तर काम होतं.

मी म्हणालो, "कुणी नाही. कोण चारणार?"

बायकोनं मान खाली घातली. वहिनींनी वाटीवर पदर ओढला आणि आपल्या खोलीत निघून गेल्या.

आई गेल्यावर मला वाटलं, आता त्या येणार नाहीत. त्या आल्या. वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "गुरुजी, पोरीच्या कण्या. तुमच्या हातानं चारा." त्यानंतर माझी बदली चारठाण्याकडे होईपर्यंत एकही दिवस वाटी चुकली नाही. पण भावजी हा शब्द मी परत ऐकला नाही. आणि मीही त्यांना वहिनी म्हणू शकलो नाही.

निवृत्तीनंतर एकदा परभणीत त्यांच्या मुलाकडे गेलो. त्यांचे गुरुजी तेव्हा हयात नव्हते. वहिनींनी मला जेवायला बसवलं, गरम भाकरी वाढली. "गुरुजी, पोरगी कारलं खाती का अजून?" मी म्हणालो, "आवडीनं." मग घसा साफ केला. उष्टावणाच्या त्या दिवसाचं बोलायलाच तर आलो होतो. त्या तवा उतरवून माझ्याकडे बघत थांबल्या. मी म्हणालो, "भाकरी छान फुगलीय."

"फुगतीच की," त्या म्हणाल्या आणि दुसरी थापायला बसल्या.

मागच्या वर्षी त्या गेल्या. आज नातीला फोन करून पापुद्र्याचं सांगितलं, कुणी भरवला तेही सांगितलं. जे त्या तव्यासमोर बोलायचं होतं ते मात्र इथं लिहून ठेवतो. वहिनी, माझ्या लेकीचं उष्टावण तुम्ही केलं. चार माणसांत मी ते नाकारलं, कारण मी आईला भ्यालो आणि तुमचं नाव घ्यायची मला लाज वाटली. चूक माझी होती. मला माफ करा.