प्रमाणपत्रापुरतं माहेर

शेलूबाजारजवळच्या एका खेड्यात मी आशाताई आहे, गावाच्या आरोग्याचं काम बघणारी. परदेशात कुठेतरी देशोदेशीचे पुढारी बसले आणि टीबी संपवायची तारीख ठरली. आपल्या लोकांनी छाती ठोकून सांगितलं, आम्ही जगाच्या आधी संपवू. झालं! तो शब्द दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून वाशीमला आणि तिथून आमच्या ग्रामपंचायतीत उतरला. गावात रोगी जवळपास सापडलेच नाहीत, तर टीबीमुक्त गावाचं प्रमाणपत्र. असे कागद खालून वर गेले की परदेशात टाळ्या पडणार, मग पुढचा शब्द आणखी मोठा.

नेमकी तेव्हाच माझ्या शेजारची सून खोकायला लागली. तीन आठवडे खोकला, रोज संध्याकाळी ताप. मी तपासणीचा कागद लिहायला घेतला, तर सरपंच दारात हजर.

“पाहनीवाले येऊन राह्यले ना ताई, आताच कायले लिहिता? तिले मायेरी धाडा पंधरा दिवस. बाईमानूस दुखण्यात मायेरी जातेच का नाही?”

जातेच. आमच्याकडे बाळंतपण माहेरी, तसं दुखणंही माहेरी. कुणाला वावगं वाटत नाही. मला वाटायला हवं होतं. पण सत्काराच्या यादीत माझंही नाव होतं, खोटं कशाला बोलू! मी कागद घडी करून पिशवीत टाकला. ती लहान पोरीला घेऊन धनजकडच्या माहेरी गेली.

प्रमाणपत्र मिळालं, मला शाल मिळाली. पण तिचा फोन लागेना. तिचा भाऊ बाजारात भेटला तेव्हा कळलं. तिथल्या आशाताईनं तिला सांगितलं होतं, “तुमचं नाव सासरी हाय, तिकडंच तपासा. आमच्याकडंबी पाहनी हाय.” बाप्पा! आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी. दोन्ही गावं टीबीमुक्त झाली आणि ही बाई कुठल्याच कागदावर नव्हती.

दोन महिन्यांनी ती पोरीला घेऊन परत आली. जीपमधून उतरून घरापर्यंत येताना तीनदा खाली बसली. मी तपासणीसाठी बेडका घ्यायची डबी घेऊन तिच्या घरी धावत गेले. “माय, चुकलं वं माह्यं,” म्हणाले आणि रडायलाच लागले. डबी हातात धरून तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं.

“ताई, अजून एक द्या,” ती म्हणाली. “पोरगीबी खोकलून राह्यली.”