यार्नेलचा घाट आणि आर्व्हिलाचा पत्रा

आर्व्हिला स्नीडने एकतीस वर्षं पत्रा कापला. मोठमोठ्या इमारतींच्या छतांतून थंड हवा खेळवायला जे पत्र्याचे चौकोनी मार्ग लागतात, ते ती फिनिक्सच्या एका कारखान्यात करायची. कामाला लागली तेव्हा तिथे बायकांसाठी वेगळं न्हाणीघरसुद्धा नव्हतं. पहिल्या दिवशी कोणीतरी तिला झाडू आणून दिला. तिने तो भिंतीला टेकवून ठेवला आणि कात्री मागितली.

मी तिला ओळखते ती तिच्या निवृत्तीनंतरच. क्वार्ट्‌झसाइटच्या वाळवंटात हिवाळाभर आमचा तळ पडतो. शेकडो गाड्या येतात, प्रत्येक गाडी म्हणजे चालतंफिरतं घर. आर्व्हिला आणि तिचा नवरा क्लीट यांची चौऱ्याहत्तर सालची मोटरहोम गेली अकरा वर्षं माझ्या शेजारी लागते. गाडी चालवायची आणि दुरुस्त करायची क्लीटने, शेजारी नकाशा धरायचा आर्व्हिलाने, अशी त्यांची वाटणी होती. मग क्लीटचे डोळे अधू झाले. समोरचं दिसेना, कडेकडेचं तेवढं दिसे. तेव्हापासून चाक आर्व्हिलाकडे आलं.

त्यानंतर दोन वर्षांनी, मार्चमध्ये, यार्नेलच्या घाटात अर्ध्यावर गाडीच्या पुढच्या अंगाला काहीतरी कडाडलं. थोड्याच वेळात इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेवर आणि सगळीकडे वाफ. गाडी तळावर ओढून आणावी लागली. पुढच्या दोन खुर्च्यांच्या मधलं इंजिनाचं झाकण उघडलं तर पंख्याच्या श्राउडचे तुकडे झालेले. श्राउड म्हणजे रेडिएटर आणि पंखा यांना जोडणारं आवरण. ते असलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढतो. नसलं की नुसता आजूबाजूची गरम हवा ढवळत बसतो.

पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचं श्राउड आता कोण बनवतंय! आर्व्हिलाने भंगारवाल्यांना फोन करून पाहिले. एकाकडे होतं, तेही तडकलेलं.

"विकून टाकू," क्लीट म्हणाला. "माझे डोळे गेले, गाडीचंही इंजिन गेलं असं समजू."

"इंजिन गेलेलं नाही. आणि माझे डोळे शाबूत आहेत."

"पण श्राउड कुठून आणणार? नेड्राच्या नव्वदीला बसने जायचं?" क्लीटने विचारलं. नेड्रा ही त्याची थोरली बहीण. प्रेस्कॉटला, घाटाच्या पलीकडे राहते. तिच्या वाढदिवसाला तीन आठवडे होते.

पलीकडच्या गाडीतला हॉइट तोवर येऊन उभा राहिलाच होता. हॉइटने आयुष्यभर मालट्रक हाकले, त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही गोष्टीवर त्याचं मत तयार असतं. "श्राउडबिराउड काही लागत नाही गं. तशीच चालव, सावकाश."

"सावकाश चालवली की पंखाही सावकाश फिरतो, हॉइट. घाट मात्र तेवढाच राहतो."

"बरं, मग करणार काय बाईसाहेब?"

"हवेचा रस्ताच तर आहे तो," आर्व्हिला म्हणाली. "एकतीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

दुसऱ्या दिवशी तिने पाणी काढून रेडिएटर उतरवला. माझ्याकडून खोकी नेली, त्यांचे पुठ्ठे कापून साचा केला. मग जस्ती पत्रा आणला. तळावर दोन दिवस लाकडी मोगरीचा ठकठक आवाज चालला होता. पंखा फिरायला मध्ये गोल भोक ठेवलं, कडा दुमडून तिने गुळगुळीत केल्या आणि श्राउड मुद्दाम दोन भागांत केलं, म्हणजे पुढच्या वेळी रेडिएटर न उतरवता काढता यावं. बसवलं, हाताने पंखा फिरवला. खालच्या बाजूला पातं पत्र्याला घासलं. खर्र!

हॉइट खुर्चीतूनच ओरडला, "मी म्हटलं नव्हतं?"

आर्व्हिलाने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, ते मी लिहीत नाही. "भोक चुकलं. खाली सरकवून पुन्हा कापते."

"थांब," क्लीट म्हणाला. तो आत चढला, खुर्चीला धरून गुडघ्यांवर बसला आणि पंख्याच्या कडेने बोटं फिरवू लागला. वर, बाजूला, खाली. "वर तीन बोटं जागा आहे. खाली नखही शिरत नाही. पुन्हा फिरव... बाई, भोक तू बरोबर कापलंयस. इंजिनच खाली बसलंय."

"म्हणजे?"

"इंजिन ज्यांच्यावर बसतं ते फाउंडेशनचे रबर चेपलेत. म्हणून तर पंखा जुन्या श्राउडला लागला आणि त्याचे तुकडे झाले. तू भोक सरकवलं असतंस तर महिन्याभरात हेही फाटलं असतं."

क्लीटचा चेहरा दोन वर्षांत मी असा खुललेला पाहिला नव्हता. ग्रीस लागलेली बोटं त्याने पँटला पुसली आणि "जॅक आण, लाकडाचा ठोकळा आण," असे हुकूम सोडायला लागला. आर्व्हिलानेही एकदासुद्धा उलट उत्तर दिलं नाही, आणि हे नवलच.

ही मोटरहोम ज्या ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, त्याचे रबर अजून मिळतात. इंजिन वर उचललं, नवे रबर बसवले आणि पंख्याभोवती चारी बाजूंनी सारखी जागा झाली. इंजिन सुरू केल्यावर आर्व्हिलाने पुढच्या जाळीजवळ वर्तमानपत्राचा कागद धरला. कागद तिच्या हातातून सुटला आणि जाळीला चिकटून बसला.

आम्ही एप्रिलात निघालो. मी मागच्या बाकावर, मांडीवर नेड्रासाठी केलेला पीचचा केक. हॉइट आपला ट्रक घेऊन मागून येत होता, ओढायची साखळी बरोबर. "नुसतं सोबतीला," म्हणाला.

घाट लागला. ऊन चांगलंच होतं. क्लीटला काटा दिसत नव्हता, म्हणून दर वळणाला विचारायचा, "कुठंय?"

"मध्ये."

"आता?"

"मध्येच आहे रे."

"खरं सांगतेस ना?"

"क्लीट स्नीड, इंजिनाचा आवाज ऐकू येतोय ना? मग मला काय विचारतोस!"

त्याने कान दिला. मग खुर्चीत मागे रेलून बसला आणि पुढे विचारलं नाही.

माथ्यावर तिने गाडी कडेला घेतली. हॉइट ट्रकमधून उतरला, वाकून गाडीखाली गळतीचा ओलावा शोधला. जमीन कोरडी होती. टोपी काढून म्हणाला, "आर्व्हिला, माझ्या गाडीचंही एकदा बघशील का?"

"रांगेत उभा राहा," क्लीटनेच उत्तर दिलं.

नेड्राच्या अंगणात केक कापायच्या आधीच पाहुण्यांना गाडीत चढवून इंजिनाचं झाकण उघडून दाखवणं सुरू झालं. आर्व्हिला मला नंतर म्हणाली, आपण केलेले पत्रे कायम छताच्या आत गेले, बांधणाऱ्यांनीही पुन्हा पाहिले नाहीत. हा पहिलाच, जो बघायला माणसं ओळीने उभी राहिली. नव्वद वर्षांची नेड्रासुद्धा दोघांचा हात धरून पायरी चढली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "किती स्वच्छ काम आहे गं!"

"कडा बघा, कडा," क्लीट म्हणाला. "हात फिरवून बघा. कुठे टोचायची नाही."